मिरचीच्या काट्यावर छत्तीस किलो

दोंडाईचातल्या माझ्या दवाखान्याला चार पायऱ्या होत्या, आणि त्या चार पायऱ्यांमुळे मी गावात फार चांगला माणूस ठरलो होतो. लकवा झालेले आबा बैलगाडीतून यायचे, पोलिओची पोरं सायकलच्या कॅरियरवरून यायची. त्यांना पायऱ्या चढवायला नकोत म्हणून डॉक्टर स्वतः खाली उतरतो, अशी माझी ख्याती होती. गाडीशीच उभं राहून मी नाडी बघायचो, छातीला नळी लावायचो, सोबतच्या माणसाला दोन प्रश्न विचारायचो आणि गाडीच्या कठड्यावर कागद ठेवून चिठ्ठी लिहायचो. लोक म्हणायचे, "आमच्या डॉक्टरला गर्व नही." मलाही तसंच वाटायचं. गर्व नसल्याचा मला फार गर्व होता.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा नीट कळत नाही, म्हणून सांगतो. फॅमिली डॉक्टरकडे यंत्रं कमी आणि सवयी जास्त. पेशंट दारातून खुर्चीपर्यंत सहा पावलं चालत येतो, तेवढ्यात अर्धं निदान होतं. कॉटवर झोपवून पोट दाबलं की आणखी पाव. उरलेला पाव देवावर आणि बी-कॉम्प्लेक्सवर. आता जो चालत येत नाही त्याचं अर्धं निदान रस्त्यावरच राहतं, आणि जो कॉटवर येत नाही त्याचं आणखी पाव. हे साधं गणित मला पंधरा वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये सुचलं नव्हतं.

नव्वदच्या आसपास आमच्या डॉक्टरमंडळींनी धुळ्याला देवपुरात एक प्रशिक्षण ठरवलं. विषय होता अपंग रुग्णांची काळजी, खास फॅमिली डॉक्टरांसाठी, आणि मुदत सहा रविवार. शिकवायला पुण्याहून एक बाई येणार होत्या. मला उत्साहाचं भरतं आलं आणि मी आयोजक झालो. आमची बायको शैला म्हणाली, "सहा रविवार? घरातला नळ एका रविवारी दुरुस्त होत नाही तुमच्याकडून!" मी तिकडे दुर्लक्ष केलं. एका शाळेचा वरच्या मजल्यावरचा हॉल मिळवला. तिथे पंखे होते, स्लाइड दाखवायला पांढरी भिंत होती. मी स्वतः फळ्यावर रंगीत खडूने 'स्वागतम्' लिहिलं.

पहिल्या रविवारी नऊ वाजता बाईंची रिक्षा आली. आतून आधी एक कुबडी आली, मग दुसरी, मग कॅलिपर लावलेला पाय, आणि मग बाई. त्यांनी जिन्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"आयोजक तुम्हीच का?"

"हो मॅडम."

"किती पायऱ्या आहेत?"

मला माहीत नव्हतं. मी मोजायला लागलो. बाई म्हणाल्या, "राहू द्या. वर कोण कोण आहे त्यांना खाली बोलवा. येताना बाकं घेऊन या म्हणावं."

वीसेक डॉक्टर, कुणी टाय लावलेले, कुणाच्या पोटाचा घेर माझ्याहून मोठा, बाकं डोक्यावर घेऊन जिना उतरले. वर्ग मैदानातल्या लिंबाखाली भरला. स्लाइड वरच राहिल्या, स्वागतम् वरच राहिलं. भुसावळचे आमचे एक स्नेही रेल्वे कॉलनीत प्रॅक्टिस करत. बाकाचं एक टोक धरून ते माझ्या कानाशी म्हणाले, "चार पायऱ्यांवर इतकं नाव कमावलं, म्हणून इथे एकदम बत्तीस लावल्यात होय!"

बाईंनी भाषण केलं नाही. एकच प्रश्न विचारला. "तुमच्याकडे येणाऱ्या अपंग पेशंटांपैकी एकाचं तरी वजन कुणाला माहीत आहे? आजचं वजन."

वीस डॉक्टर लिंबाच्या फांद्यांकडे बघायला लागले. आमच्या दवाखान्यातला वजनकाटा उभं राहून वापरायचा असतो. जो उभा राहू शकत नाही त्याचं वजन करायचं असतं, हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं.

"मॅडम, अंदाजाने सांगितलं तर?" भुसावळकरांनी विचारलं.

"औषधही अंदाजाने देता का?"

खरं उत्तर 'हो' होतं. पण अशी उत्तरं हात वर करून द्यायची नसतात.

"पुढच्या रविवारी प्रत्येकाने किमान एका पेशंटचं वजन आणायचं," बाई म्हणाल्या. "कसं करायचं ते तुम्ही बघा. आणि एक. सोबतच्या माणसाशी बोलायच्या आधी पेशंटशी बोलायचं. निदान नाव विचारायचं."

मी परत येताना बसमध्ये हसत होतो. एवढा मोठा कोर्स, आणि गृहपाठ काय, तर वजन! हे तर चार दिवसांत उरकतो म्हटलं.

सोमवारी सकाळी दवाखान्यासमोर लोटगाडी येऊन थांबली. भाजीवाले ढकलतात तसली चार चाकांची, वर गोधडी अंथरलेली. ढकलत आणणारे नामदेवभाऊ, आमच्या मिरची बाजारातले मापाडी. पोतं काट्यावर चढलं की वजन पुकारायचं हे त्यांचं काम. बुद्धविहाराच्या मागे त्यांचं घर. बायको सिंधूबाई मिरचीचे देठ खुडायला जायच्या. गोधडीवर त्यांची मुलगी. जन्मतःच तिचे हातपाय ताठ, बोलणं अडखळत, तोंडातून लाळ, आणि लहानपणापासून फिट यायच्या. घरात सगळे तिला बेबी म्हणत, म्हणून माझ्या कार्डावरही बेबी. अकरा वर्षांपासून ती माझी पेशंट होती.

मी नेहमीप्रमाणे उतरलो. नामदेवभाऊंनी गोधडी बाजूला केली. मुलीच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत भाजलेलं.

"परवा फिट उनी, डॉक्टरसाहेब. चुलीजोगे पडनी. शेजारनीनं देखं म्हणून बरं, नहीतं..." नामदेवभाऊ थांबले. पट्टी होईपर्यंत त्यांनी लेकीचा हात धरून ठेवला. मग म्हणाले, "आते हफ्त्यात तीन-चार येतात. आम्ही दोघं कामावर, घरी कोणी नाही. नाशिककडे एक संस्था शे, अशा पोरांना ठेवून घेतात. लोक चांगली शे म्हणतात. एवढा महिना देखतो. नहीच थांबनं तर नेऊन ठेवतो. परत चुलीत पडली तर मी तोंड कोणाला दाखवू?"

मुलीने मान दुसरीकडे वळवली होती. मला वाटलं, ती समोरच्या भिंतीवरचं सिनेमाचं पोस्टर बघतेय.

मी सवयीने खिशातून पेन काढलं, चिठ्ठीवर 'औषध तेच' लिहायला टेकलो, आणि तेवढ्यात कालचा गृहपाठ आठवला.

"नामदेवभाऊ, हिचं वजन किती?"

"बठ्ठा बाजारनं वजन मी करस," ते म्हणाले. "पण पोरनं वजन कोण करस, डॉक्टरसाहेब?"

"आपण करू. तुमच्याच काट्यावर."

हा निर्णय मी ज्या उत्साहाने घेतला, त्यात दोंडाईचाच्या मिरची बाजाराचा विचार नव्हता. हंगाम ऐन भरात होता. लाल मिरचीचे ढीग, पोती, गाड्या, आणि हवेत अशी धूळ की बाजाराच्या कोपऱ्यावरच मला पहिली शिंक आली. आत पोचेपर्यंत सात झाल्या. स्टेथोस्कोप गळ्यात, रुमाल नाकावर, डोळ्यांतून धारा, अशा थाटात मी लोटगाडीमागे चाललो होतो. एका हमालाने विचारलं, "काय व्हयनं हो डॉक्टर, कोण गयं?"

नामदेवभाऊंनी काट्यावर रिकामं पोतं अंथरलं, लेकीला उचलून त्यावर बसवलं आणि मागून खांद्याला नुसता आधार दिला. भोवती माणसं जमली. एक व्यापारी ओरडला, "नामदेव, बोली कोठून सुरू करू?"

नामदेवभाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपल्या ढिगामागे दिसेनासा झाला. पण तेवढ्यात मला आठवी शिंक आली, ती भलतीच मोठी. मुलगी खळखळून हसली. अकरा वर्षांत तिचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्याकडे येताना ती कधी हसली नव्हती, आणि हसण्यासारखं मी काही केलंही नव्हतं.

नामदेवभाऊंनी वजन सरकवलं, दांडी स्थिर झाली. ते सवयीने मोठ्याने पुकारू लागले, "छत्ती..." आणि मध्येच आवाज खाली आणून म्हणाले, "छत्तीस. बारदान वजा करून." बारदान म्हणजे रिकामं पोतं. तेवढंही त्यांनी सोडलं नाही. लेकीच्या बाबतीतही माप म्हणजे माप.

लोटगाडी परत पायऱ्यांशी आली, आणि मी घाईघाईने वर जाऊन तिचं कार्ड काढलं. वर माझ्याच अक्षरात: बेबी नामदेव. वय सहा. वजन बारा किलो. त्याखाली फिटच्या गोळीचा डोस, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. आणि त्याखाली अकरा वर्षांच्या तारखा, प्रत्येकीसमोर दोनच शब्द. औषध तेच. औषध तेच. औषध तेच.

गोळीचं गणित साधं असतं. मोठ्या पातेल्यातल्या चहाला कपाएवढी साखर पुरत नाही. मुलगी तिप्पट झाली होती आणि गोळी अजून सहा वर्षांच्या पोरीची चालली होती. ती नेहमी आडवी यायची, नेहमी गोधडीत, नेहमी बेबी. उभी राहिली असती तर दारातल्या त्या सहा पावलांतच मला दिसलं असतं की पोर मोठी झाली. मी तिला कधी चार पायऱ्या वर घेतलीच नाही. माझा चांगुलपणा तिला चांगलाच महागात पडला होता.

खाली येऊन पहिल्यांदा मी लोटगाडीच्या दुसऱ्या बाजूला गेलो, जिकडे तिचं तोंड होतं.

"तुझं नाव काय?"

नामदेवभाऊ म्हणाले, "बेबी."

"तिला सांगू द्या."

वेळ लागला. ओठ एकत्र यायचे, सुटायचे. मी घड्याळाकडे बघायचा मोह आवरला. मग आलं, तुटक पण स्पष्ट. "सु-जा-ता."

दुसऱ्या रविवारी लिंबाखाली सगळे आपापली वजनं घेऊन आले, आणि काय सांगू, लग्नघरासारखा गलका! भुसावळकरांनी लकवा झालेल्या नानांना रेल्वेच्या पार्सलच्या काट्यावर बसवलं होतं. बाबूने 'कुठे पाठवायचंय?' विचारल्यावर नानांनीच उत्तर दिलं होतं, 'कुठेही पाठव, सुनेपासून लांब.' रावेरकडच्या एकाने केळीचा काटा वापरला होता. बाई कुबड्या बाजूला ठेवून पोट धरधरून हसत होत्या. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "वजन कळल्यावर कुणाचा डोस चुकीचा निघाला?"

माझ्या आयुष्यात मी अनेकदा हात वर केला आहे, पण एवढा जड हात कधी लागला नव्हता. मी सगळं सांगितलं. अकरा वर्षं, औषध तेच. कुणी हसलं नाही. मग हळूहळू आणखी दोन हात वर आले.

बाईंनी मला रागावायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "गोळी एकदम वाढवू नका, पायरीपायरीने वाढवा. सुरुवातीला फार झोप येईल, घरचे घाबरून गोळी बंद करतील, आणि एकदम बंद केली तर फिट जास्त येतील. तेव्हा हे सगळं आधी समजावून सांगा."

"आईला?"

"पेशंट कोण आहे?"

मी बुधवारी दवाखाना तासभर बंद ठेवून सुजाताकडे गेलो. तिच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. झोप येईल. चालेल? मान हलली. रोज फिट आली की नाही ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं. सिंधूबाईंना लिहिता येत नव्हतं, नामदेवभाऊ दिवसभर बाजारात. मी म्हटलं, "शेजारी कोणी शिकलेलं..."

"मी," सुजाता म्हणाली. तिचा डावा हात बरा चालायचा. चुलीतला कोळसा मागून घेऊन तिने खाटेशेजारच्या भिंतीवर एक उभी रेघ मारली. फिट आली तर आडवी. असं तिनेच ठरवलं.

आठ दिवसांत सहा उभ्या, दोन आडव्या. नवव्या दिवशी सकाळी सिंधूबाई धावत दवाखान्यात आल्या. "डॉक्टरसाहेब, पोर उठस नही! कालपासून झोपेल शे!"

माझी लूना त्या दिवशी जितकी पळाली तितकी कंपनीनेही कधी पळवली नसेल. जाताना एकच विचार, डोस जास्त झाला का? नामदेवभाऊ बाजारातून परत आले होते. खाटेशी उभे. मी नाडी पाहिली, श्वास मोजला, डोळ्यांत टॉर्च टाकला, गाल हलवला. सगळं ठीक होतं. सुजाताने एक डोळा उघडला.

"झो-प," ती म्हणाली, आणि पुन्हा मिटला.

"आता ही गोळी नको," सिंधूबाई म्हणाल्या. "फिटवाली पोर जिती तरी दिसती, झोपेल पोर मेल्यासारखी वाटस."

मी समजावत होतो की चार दिवसांत शरीराला सवय होते, की बंद केली तर घात होईल. नामदेवभाऊ मान हलवत नव्हते. तेवढ्यात खाटेवरून डावा हात बाहेर आला, उघडी मूठ. सुजाता झोपेतच गोळी मागत होती. सिंधूबाई रडायला लागल्या, पण त्यांनी गोळी दिली. बाहेर येऊन लूनाला पाय मारताना माझी भीती पेशंटच्या नातेवाइकांना कळू नये म्हणून मी उगीचच शीळ घातली. शीळ वाजली नाही, नुसती हवा गेली.

तिथून चौथ्या दिवशी झोप उतरली. तेराव्या दिवशी एक आडवी रेघ पडली. त्यानंतर मी रोज बाजाराच्या बाजूने जाऊ लागलो, कामाशिवाय. शिंकत शिंकत विचारायचो, "आज?" नामदेवभाऊ पोत्यावरून मान न उचलता एक बोट उभं करायचे. उभी. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी. मी असा नाचत घरी यायचो की शैलाने विचारलं, "पुन्हा आयोजक झालात का कशाचे?"

महिना भरला त्या दिवशी नामदेवभाऊ दवाखान्यात एकटेच आले. लोटगाडी नाही. म्हटलं, फिट आली. किंवा पोचवून आले तिकडे.

"चला," ते म्हणाले.

"काय झालं?"

"ती येत नही. तुमलेच बलावस."

मी गेलो. भिंतीवर उभ्या रेघांची रांग, तेराव्यानंतर एकही आडवी नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आसपास मिरचीही नव्हती. मी म्हटलं, "वा सुजाता, वा! केवढं छान!" आणि असंच काहीबाही. ती माझं बोलणं संपायची वाट बघत होती. मग तिने विचारलं. एकेक अक्षर ओढून आणत, पण थांबली नाही.

"इतला साल... कसाले... नही मोजं?"

सिंधूबाई गडबडल्या. "अव्वा! डॉक्टरसाहेबले असं बोलतंस का?"

माझ्याकडे कारणं पुष्कळ होती. गर्दी, पायऱ्या, उभ्याचा काटा. बसमध्ये, लूनावर, झोपण्यापूर्वी मी ती सगळी घोकून ठेवलेली होती. पण त्या भिंतीसमोर त्यातलं एकही तोंडातून निघेना. "चुकलं माझं," मी म्हणालो. आजपर्यंत एवढ्या पेशंटांना तपासलं, पण हे वाक्य मी कुणाला म्हटलेलं आठवत नाही. वाटलं होतं त्यापेक्षा छोटं निघालं.

सुजाताने ऐकून घेतलं. बरं वाटलं, वाईट वाटलं, काही दाखवलं नाही. मी मग नामदेवभाऊंकडे वळलो. "मग नाशिकचं काय ठरवलंत?"

खाटेवर धाडकन हात आपटला. आम्ही दोघेही दचकलो.

"माले... इचार!"

इतके रविवार शिकून आलेला मी, आणि पुन्हा बापालाच विचारलं होतं. मी खाटेजवळचं स्टूल ओढलं, तिच्या तोंडासमोर बसलो आणि विचारलं, "सुजाता, नाशिकला जायचं का?"

तिने वेळ घेतला. आज घाई कुणालाच नव्हती.

"मी आठेच," ती म्हणाली. इथेच. मग थोडं हसून, "तुम्ही जा... नाशिकले."

नामदेवभाऊ इतके मोठ्याने हसले की शेजारीण दारात आली. मग सिंधूबाई हसल्या, मग मी. चहा झाला. नामदेवभाऊंनी त्याच आठवड्यात चूल उचलून ओट्यावर केली, चांगली कमरेएवढी उंच.

मी काही नाशिकला गेलो नाही. ती आणि मी, दोघंही राहिलो दोंडाईचालाच.